शाळा घरात आली, समान संधीचं काय?

(मंचाच्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी येऊ न शकलेल्या अनेकांनी विचारणा केली, म्हणून तो या अंकात देत आहोत. वक्त्या पेनसिल्व्हेनियातल्या एका ऑनलाइन सार्वजनिक हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. भाषणाची बोली तशीच ठेवली आहे. – संपादक)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी गणिताची मास्तरीण. फळ्यासमोर उभी राहून तास न् तास बोलेन, पण सभेत माणसं समोर बसलेली दिसली की गडबडते. त्यातून गेली कित्येक वर्षं मला समोर माणसं बसलेली बघायची सवयच राहिलेली नाही. माझे विद्यार्थी म्हणजे पडद्यावरचे चौकोन. पुण्याला फोन केला की आई अजून विचारते, "अगं, आज शाळेत गेली नाहीस का?" मी म्हणते, "आई, मी आत्ता शाळेतच आहे." तिला ते पटत नाही. शाळा म्हटलं की घंटा हवी, पटांगण हवं, पाण्याची टाकी हवी. घरात बसून कसली शाळा?

आईचं अगदीच चुकतं असंही नाही. शाळा ही एक जागा असते आणि त्या जागेत कोणाला कुठे बसवतात यावरून बरंच काही कळतं. आता ती जागाच नाहीशी झाली. मग बसवणं, उठवणं, बाहेर ठेवणं हेही नाहीसं झालं का? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. विद्यार्थ्याची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, गाभा तोच आहे.

माझ्या वर्गात सोळा वर्षांचा एक मुलगा होता. गृहपाठ वेळेवर, उत्तरं बरोबर. वर्गात प्रश्न विचारला की चॅटमध्ये पहिलं उत्तर बहुतेक वेळा त्याचं. पण कॅमेरा कायम बंद. माझा नियम होता की तासाला कॅमेरा चालू ठेवायचा, त्याला सहभागाचे दहा टक्के गुण. नियम सगळ्यांना एकच. मला त्याचा अभिमानही होता. माझ्या वर्गात गोरा, काळा, श्रीमंत, गरीब असं काही नाही, सगळ्यांना एकच माप! दोनदा सूचना दिली, तिसऱ्यांदा गुण कापले. त्या तिमाहीत त्याचा 'बी' उतरून 'सी' झाला. पुढच्या तिमाहीत तो वर्गाला येणंच कमी झालं.

शाळेच्या काउन्सेलरने घरी फोन केला तेव्हा उलगडा झाला. घर नव्हतंच. भाडं थकल्याने घर सुटलं होतं. आई, हा मुलगा आणि दोन लहान बहिणी हायवेवरच्या एका मोटेलच्या खोलीत राहत होत्या. आई रात्रपाळी करून सकाळी झोपायची. म्हणून हा मुलगा बाथरूमचं दार लावून, टबच्या कडेवर बसून माझ्या तासाला यायचा. मांडीवर शाळेचा लॅपटॉप. मागे फरशा आणि शॉवरचा पडदा. आणि मी म्हणत होते, कॅमेरा चालू कर!

त्याने सांगितलं का नाही? कारण त्यांना भीती होती. आता पत्ता राहिला नाही हे शाळेला कळलं तर नाव काढून टाकतील. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. या देशात १९८७ पासून मॅकिनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे. ज्या मुलांना कायमचं, पुरेसं घर नाही, त्यांना शाळेत राहण्याचा आणि कागदपत्रं नसली तरी ताबडतोब प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. मोटेलमध्ये राहणारं मूल किंवा नाइलाजाने नातेवाइकांच्या घरात अंग चोरून राहणारं मूलही त्यात येतं. प्रत्येक शाळा डिस्ट्रिक्टला त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. आमच्या शाळेतही असा माणूस होता. शाळेच्या वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरांत त्याचा उल्लेखही होता.

म्हणजे बघा, कायदा होता, सूचना होती, नेमलेला माणूस होता. आणि मुलगा बाथरूममध्ये होता. या दोन्हींच्या मधलं अंतर पार करायचं काम माझं होतं आणि मी त्याचे गुण कापत बसले होते.

गुण मी परत दिले. त्याची माफी मागितली. नियम बदलला. पण तेव्हापासून "सगळ्यांना एकच नियम" हे वाक्य कोणी अभिमानाने म्हटलं की मला तो टब आठवतो.

आता त्या बारीक अक्षरांबद्दल. तुमच्यापैकी ज्यांची मुलं इथल्या शाळेत जातात त्यांनी प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक परिच्छेद पाहिला असेल: "ही शाळा वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, लिंग, अपंगत्व, वय यांवरून भेदभाव करत नाही." आपण तो कधी वाचत नाही. त्यातला एकेक शब्द मात्र कोणीतरी झगडून मिळवलेला आहे. वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ हे शब्द १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणातले. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला यांवरून भेदभाव करता येत नाही. लिंग आलं १९७२ च्या 'टायटल नाइन'मधून. अपंगत्व आलं १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमातून, आणि १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने ते आणखी पक्कं झालं. वय १९७५ च्या कायद्यातून.

५०४ कलमाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कायदा १९७३ चा, पण त्याचे नियमच सरकार काढेना. नियम नाहीत म्हणजे अंमलबजावणी नाही. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये अपंग कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत घुसून बसले. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी बहिरं, कोणी आंधळं. तीन आठवड्यांहून जास्त काळ ते तिथून हलले नाहीत. त्याच महिन्याच्या शेवटी नियमांवर सही झाली. आज माझ्या विद्यार्थ्याला परीक्षेत जास्त वेळ मिळतो तो या मंडळींमुळे.

दोन निकालांची नावंही लक्षात ठेवा. पहिला १९७४ चा, 'लाउ विरुद्ध निकल्स'. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुमारे १८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना त्यासाठी काही मदतही मिळत नव्हती. शाळेचं म्हणणं असं की आम्ही सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक देतो. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही समान वागणूक नव्हे. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या हातात तेच पुस्तक देणं म्हणजे शिक्षण देणं नव्हे. दुसरा निकाल १९८२ चा, 'प्लायलर विरुद्ध डो', टेक्सासमधला. आईबापांकडे इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून मुलाला सार्वजनिक शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. तेव्हा ऑनलाइन प्रवेश अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना असला आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसलं, तर तो नुसता कॉम्प्युटरचा दोष नाही. तो हक्काचा प्रश्न आहे.

ऑनलाइन शाळेतला भेदभाव असा असतो. कोणी कोणाला शिवी देत नाही, कोणी दारातून हाकलत नाही. पुढचं पान उघडत नाही, एवढंच!

ही पानं कुठे कुठे अडतात, ते आता सांगते.

पहिलं अडतं ते उपकरणावर आणि तारेवर. आमच्या राज्यात २००२ च्या कायद्याने सायबर चार्टर शाळांची व्यवस्था लावली गेली. आज ५० हजारांहून जास्त मुलं अशा शाळांत शिकतात. त्या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. शाळेने विद्यार्थ्याला कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर द्यायचा आणि इंटरनेटचा खर्च भरून द्यायचा. पण भरून द्यायचा म्हणजे आधी घरच्यांनी भरायचा, मग शाळा परत देणार. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला शिल्लकच नसते त्याला "आधी भरा" ही अटच मोठी असते. साथीच्या काळात सरकारने गरीब कुटुंबांना इंटरनेटसाठी महिना ३० डॉलरची मदत सुरू केली. दोन कोटींहून जास्त कुटुंबं तिचा फायदा घेत होती. पैसे संपले आणि जून २०२४ मध्ये योजना बंद झाली. माझ्या हजेरीपटावर त्याचा परिणाम दिसला. गैरहजर म्हणून ज्यांच्यापुढे खूण केली त्यातली काही मुलं आजारी नव्हती, आळशी तर नव्हतीच.

दुसरं अडतं ते वाचण्या-ऐकण्यावर. माझ्या वर्गात ऐकू न येणारी एक मुलगी आहे. व्हिडिओखाली आपोआप उमटणारी अक्षरं आहेत ना, मग झालं, असं सगळ्यांना वाटतं. मी एकदा आवाज बंद करून माझाच त्रिकोणमितीचा तास पाहिला. जिथे मी गुणोत्तराचं 'साइन' म्हणाले होते तिथे सही या अर्थाचं 'साइन' छापलं होतं. 'कोसाइन'च्या जागी कर्जाला जामीन राहण्याचा शब्द! त्या मुलीने त्यातून त्रिकोणमिती शिकायची होती. अंध विद्यार्थ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. पण समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असलं की ते फक्त "चित्र" एवढंच बोलतं. पूर्ण पान चित्र, चित्र, चित्र. मीही अनेक वर्षं तसंच चिकटवत आले.

हे काही माझ्यापुरतं नाही. २०१४ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने साउथ कॅरोलिनातल्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या वेबसाइट तपासल्या. अपंग विद्यार्थ्यांना त्या नीट वापरता येत नव्हत्या, आणि शेवटी त्या डिस्ट्रिक्टला त्या सुधारण्याचा लेखी करार करावा लागला. बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवर खटले भरले, ते याच मथळ्यांसाठी. हार्वर्डने २०१९ मध्ये आणि एमआयटीने २०२० मध्ये तडजोड केली. एवढ्या श्रीमंत संस्थांनाही कोर्टात ओढावं लागलं, मग आमच्यासारख्यांची काय कथा.

तिसरं अडतं ते परीक्षेवर. घरी बसून परीक्षा, मग कॉपी कशी थांबवायची? तर कॅमेऱ्याने पहारा. सॉफ्टवेअर चेहरा ओळखणार, डोळे कुठे फिरतात ते बघणार. आता चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांबद्दल एक गोष्ट ऐका. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी २०१८ मध्ये बाजारातल्या तीन कार्यप्रणाली तपासल्या. माणसाचा चेहरा पाहून स्त्री की पुरुष एवढंच सांगायचं होतं. उजळ कातडीच्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ती परीक्षेची सॉफ्टवेअर नव्हती, हे खरं. पण यंत्राला कोणाचे चेहरे दाखवून शिकवलं यावर त्याची नजर ठरते, हे त्यातून कळलं. परीक्षेच्या दिवशी एखाद्या काळ्या मुलीला "चेहरा दिसत नाही, दिवा लावा" असं तीनदा सांगितलं जातं तेव्हा मला हे आकडे आठवतात. गुण बरोबर मिळतीलही. पण ती पेपर सोडवायला बसते तेव्हा तिची दहा मिनिटं आणि तिचं मन गेलेलं असतं.

चौथं अडतं ते घरच्यांच्या भाषेवर. ऑनलाइन शाळेत अर्धी शाळा आईबाप चालवतात. वेळापत्रक, पासवर्ड, तक्रार, शिक्षकांशी बोलणं, सगळं इंग्रजीत आणि सगळं पडद्यावर. आईबापांना कळेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं शाळेचं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात दुभाषाचं काम मुलालाच करावं लागतं. ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच भाषांतर करतो! एक बाई सगळ्या संभाषणात हसून मान डोलावत होत्या. मुलाने त्यांना काय सांगितलं कोण जाणे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्याच भाकरीला नावं ठेवते असं वाटेल. ऑनलाइन शाळेने दारं उघडली आहेत. फ्लोरिडाने १९९७ मध्ये राज्याची ऑनलाइन शाळा सुरू केली. तेव्हा मोठं आकर्षण हे होतं की खेड्यातल्या मुलीलाही शहरातला कॅल्क्युलस शिकता यावा. माझ्याकडे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारी मुलगी होती. ती दवाखान्यातल्या खुर्चीवरून धडे करायची. शाळेत छळ सोसलेली मुलं येतात. ज्यांना नाचायचंय, खेळायचंय तीही येतात. आपल्या मंडळींपैकी कित्येकांची मुलं उन्हाळ्यात पुढचा अभ्यासक्रम उरकण्यासाठी ऑनलाइन शिकतात, तेही ठीकच. पण आपल्याकडे ती निवड असते. चांगली इमारतवाली शाळा आहेच, वर हे.

काहींच्या बाबतीत मात्र निवड नसते. ऑनलाइन शाळा म्हणजे त्यांना हळूच बाहेर काढण्याची वाट. वर्गात गडबड करणारा ऑटिस्टिक मुलगा, मारामारीत सापडलेला काळा मुलगा, गरोदर राहिलेली मुलगी. शाळा गोड आवाजात सांगते, "तुमच्या मुलासाठी घरून शिकणंच जास्त बरं." इथे पालकांनी सावध व्हायला हवं. अपंग मुलांना शक्य तितकं इतर मुलांबरोबरच शिकवायचं, हे १९७५ च्या कायद्यापासून तत्त्व आहे. मुलाला कुठे शिकवायचं हे ठरवणाऱ्या बैठकीत आईबाप सभासद असतात. ते पाहुणे नसतात. गरोदर मुलीला वेगळ्या वर्गात पाठवायचं असेल तर ते तिच्या खुशीने, सक्तीने नव्हे.

या देशाने अशी एक वाट पूर्वी पाहिलेली आहे. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं? काळ्या मुलांना शेजारी बसवण्यापेक्षा १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. सार्वजनिक शाळा १९६४ पर्यंत, पाच वर्षं, बंद आणि काळी मुलं वर्षानुवर्षं घरी. "घरी शिका" या शब्दांत काय काय दडलेलं असू शकतं, हे त्या काउंटीतल्या माणसांना विचारावं.

आणि आपल्याला ते व्हर्जिनियाहून शिकण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. शाळेत त्यांना बसायला वेगळं गोणपाट, तेही वर्गाच्या कोपऱ्यात. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. हजेरीपटावर नाव होतं. शिक्षण "मिळत" होतं. कागदावर काहीच चूक नव्हती. म्हणून म्हणते, पटावर नाव आहे एवढ्याने समान संधी सिद्ध होत नाही. कोपऱ्यातला बंद चौकोन दिसला की आधी विचारावं, हा स्वतः तिथे बसलाय की आपण बसवलाय?

आता थोडं आपल्या घरातलं बोलते. कोणाला लागलं तर माफ करा, पण आपल्या मंचावर नाही बोलायचं तर कुठे?

एकदा माझ्या वर्गात गटाने काम करायचं होतं. एका गटात योगायोगाने दोघं भारतीय घरांतली मुलं. दोघांचा जन्म इथला. पहिल्या दहा मिनिटांत एकाने दुसऱ्याला चॅटमध्ये विचारलं, पूर्ण आडनाव काय? मग, तुमच्या घरी मांस खातात का? मग, तुमचं गाव कुठलं? दुसऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गट बदलून मागितला. कारण विचारलं तर म्हणाला, काही नाही. माझ्या गोऱ्या सहशिक्षिकेला त्यात काहीच दिसलं नाही. मुलं ओळख करून घेत होती, तिला वाटलं. मला दिसलं, कारण हे प्रश्न मी लहानपणी ऐकले होते. खरं सांगायचं तर विचारलेही होते.

ही मुलं भारतात राहिलेली नाहीत. हे प्रश्न त्यांना कोणी शिकवले? आपणच, जेवणाच्या टेबलावर.

शाळेच्या त्या बारीक अक्षरांत 'जात' हा शब्द नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये तो आपल्या धोरणात घातला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने वटहुकूम केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं, असलेल्या कायद्यांत हे येतंच. आपल्यातच यावरून केवढी भांडणं झाली, ते तुम्हाला माहीत आहे. कायद्यात शब्द असावा की नाही यावर मतभेद असू शकतात. माझं मत असावा असं आहे, कारण ज्या गोष्टीला नाव नाही तिची तक्रार शाळेच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायची? तो मुलगा "काही नाही" म्हणाला, त्यामागे तेही कारण होतं. पण शब्द येईपर्यंत थांबायचं कारण नाही. आपल्या टेबलावरचे प्रश्न आजच बदलता येतात.

मग करायचं काय? मास्तरीण आहे, त्यामुळे गृहपाठ देऊनच जाणार.

१. ते बारीक अक्षरांचं पान वाचा. त्यात 'टायटल नाइन' आणि '५०४' साठी नेमलेल्या माणसाचं नाव, फोन असतो. तो लिहून फ्रिजवर लावा. नाव नसेल तर विचारा.

२. मागणी लेखी करा, ईमेल का होईना. तारीख राहते. आपली माणसं फार भिडस्त. शिक्षकांना कसं बोलायचं म्हणून गप्प बसतात. अहो, मला ईमेल आला तर मी रागावत नाही. उलट न आलेल्या ईमेलमुळे तो मुलगा बाथरूममध्ये बसला.

३. नागरी हक्क कार्यालयात तक्रार करायची मुदत १८० दिवसांची असते. पण त्या कार्यालयावर फार भरवसाही ठेवू नका. मार्च २०२५ मध्ये त्याच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्याचा निर्णय झाला, त्यात आमची फिलाडेल्फियाची शाखाही होती. कायदा आहे तसाच आहे, दाद मागण्याचा रस्ता मात्र लांब झाला. म्हणून स्थानिक शाळा मंडळाच्या सभांना जाणं आता जास्त गरजेचं. त्या सभा उघड्या असतात. आपल्यातलं किती जण जातो?

४. ज्यांना सॉफ्टवेअर येतं, आणि या सभागृहात कोणाला येत नाही, त्यांनी आपल्या गावच्या शाळेची वेबसाइट माऊसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर चालवून बघा. मग डोळे मिटून, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघा. जिथे अडेल ते लिहून शाळेला कळवा. आपल्या व्यवसायाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

५. शेजारच्या कुटुंबाला विचारा. आपल्या गाडीत बसून शाळेत जाणारी मुलं आपल्याला ठाऊक असतात. मोटेलात राहणारी नसतात. स्पॅनिश, नेपाळी किंवा गुजराती बोलणाऱ्या एखाद्या आईबरोबर शाळेच्या मीटिंगला बसलात तरी पुष्कळ आहे.

शेवटी एकच. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागणी केली की निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. त्यांचा आग्रह असा की सरकारचा पैसा वरच्या थोड्यांच्या शिक्षणावर जातो आणि तो भरतात मात्र खालचे कष्टकरी. शाळा झाडाखाली असो, इमारतीत असो की पडद्यावर असो, हिशेब तोच मांडायचा आहे. पैसा कोणाचा, आणि शिकतंय कोण?

तो मुलगा पुढे पास झाला. त्याच्या शेवटच्या तासाला त्याने कॅमेरा चालू केला. मी सांगितलं नव्हतं. मागे स्वयंपाकघर होतं, एक लहान मुलगी वाटीतून काहीतरी खात होती. घर मिळालं होतं. मी म्हटलं, "बरं वाटलं तुला बघून." तो हसला आणि उदाहरण क्रमांक चार कसं सोडवायचं ते विचारलं.



(भाषणानंतर चर्चा झाली, त्यातले दोन प्रश्न असे.

एका सभासदाने विचारलं, "ताई, सगळ्यांना अशा सवलती दिल्या तर गुणवत्तेचं काय?" उत्तर: "वीस मिनिटांच्या परीक्षेत एखाद्याचं इंटरनेट चार मिनिटं गेलं आणि मी ती चार मिनिटं परत दिली नाहीत, तर मी त्याचं बीजगणित मोजलं की त्याच्या घरची तार? मला गुणवत्ताच मोजायची आहे, म्हणून तर ती चार मिनिटं द्यायची. मग गणित चुकलं तर शून्य. त्यात दयामाया नाही."

दुसरा प्रश्न होता, "कॅमेरा बंद ठेवू दिला तर मूल झोपलंय की ऐकतंय हे कसं कळतं?" त्यावर त्या म्हणाल्या, "पुण्याला आमच्या वर्गात साठ मुली डोळे उघडे ठेवून झोपायच्या. प्रश्न विचारा, उत्तर येतं का बघा. शिक्षकाला तेवढं तरी करायलाच हवं.")